अन्ननलिकेच्या कॅन्सरला ‘लाईट’: प्लॅनिंगच्या वेळी या चुका टाळा

ऑपरेशन होणार नाही असं कळलं की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. ‘मग लाईट (म्हणजे रेडिएशन) उद्याच सुरू करा ना!’ तगमग समजते. पण आधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन होतो आणि पुढचे साडेपाच आठवडे मशीन त्या एका दिवसाचं शरीर प्रमाण मानून चालतं. केमोबरोबरचा नेहमीचा डोस 50.4 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक), 28 बैठकांत. प्लॅनिंगला झालेली चूक रोज होत राहते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे सीटीच्या फिल्म आणायच्या आणि दुर्बिणीचा (एंडोस्कोपीचा) रिपोर्ट घरी विसरायचा. सीटीत अन्ननलिका जाड झालेली दिसते, पण गाठ नेमकी कुठून कुठपर्यंत आहे ते धड कळत नाही. एंडोस्कोपीत ‘दातांपासून 26 ते 32 सेंटीमीटर’ असं माप लिहिलेलं असतं. त्यावरून आणि पीईटी (PET) स्कॅनवरून डॉक्टर गाठ आखतात. हा आजार भिंतीच्या आतून लांब पसरतो, म्हणून वर-खाली आणखी तीन-चार सेंटीमीटर धरतात. म्हणून एंडोस्कोपीचा रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

गाठ जठराजवळ असेल तर स्कॅनला उपाशी आणि रोज मात्र नाश्ता करून, असं करू नका. भरल्या पोटाने गाठीची जागा बदलते.

वजनाचं मात्र मी पुन्हा पुन्हा सांगते. अन्न उतरत नाही, तरी पेशंट नाकातून किंवा पोटातून नळी घालायला नको म्हणतात. मग वजन उतरतं, शरीर हलू नये म्हणून बसवलेला मास्क सैल होतो, कातडीवरच्या खुणा सरकतात. फुप्फुसं, हृदय, मज्जारज्जू यांच्यासाठी आखलेल्या डोसच्या मर्यादाही ओलांडल्या जाऊ शकतात. नळीचा निर्णय प्लॅनिंगआधीच घ्या. मास्क ढिला वाटला तर त्याच दिवशी टेक्निशियनला सांगा. पुन्हा स्कॅन करून प्लॅन बदलता येतो. खूण पुसली तर पेनने स्वतः गिरवू नका.

‘जास्त लाईट द्या’ असा आग्रहही नको. अमेरिकेत 64.8 ग्रेची तुलना 50.4 शी झाली. 2002 मध्ये छापलेल्या निकालात जास्त डोसने आयुष्य वाढलं नव्हतं. मधले दिवस चुकवणं मात्र नक्की महागात पडतं.

आणि पाणी पिताना अचानक ठसके लागू लागले, तर उद्याच्या बैठकीची वाट पाहू नका. अन्ननलिकेतून श्वासनलिकेत भोक पडलेलं असू शकतं. तोंडाने देणं थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.