मारुती ८०० चे इंजिन कमी खर्चात घरच्या घरी कसे उतरवावे

मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरी इंजिन आकाराने लहान असल्यामुळे क्रेनच्या भानगडीत न पडता, एक टनाची चेन पुली भाड्याने आणून आणि एक भरवशाचा मदतनीस सोबत घेऊन ते घरी उतरवता येते. काटकसर क्रेनमध्ये करावी. जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी आधार) आणि पुलीचा आधार यांत मुळीच नाही. पंख्याच्या हुकाला पुली अडकवण्याचा सल्ला देणाऱ्याला गाडीजवळ उभेसुद्धा करू नये. जाड लोखंडी पाइपांची तिकाटी उभारावी आणि तिचे पाय फाकू नयेत म्हणून ते साखळीने एकमेकांना बांधावेत.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी, बॉनेट उतरवावे आणि रेडिएटर रिकामा करून काढावा. कूलंट गटारात सोडू नये. ते गोडसर असते, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. सायलेन्सरच्या गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडावे. एसी असल्यास कॉम्प्रेसर पाइपांसकट बाजूला बांधावा, गॅस सोडण्याचे काही कारण नाही. वायरी, केबल आणि होज पाइप सोडवण्यापूर्वी फोटो काढावेत, पेट्रोलच्या पाइपाला बूच मारावे आणि खालून करायचे काम संपले की गाडी पुन्हा चाकांवर आणावी.

आता खरी परीक्षा, म्हणजे गिअरबॉक्सपासून इंजिन वेगळे करणे. दोन्ही एकत्रच बाहेर काढा, असे पुष्कळजण सांगतात. पण त्यासाठी गिअर ऑइल काढून दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकांना फिरवणारे दांडे, ओढावे लागतात, म्हणून मी गिअरबॉक्स जागेवरच ठेवतो. मात्र त्याच्याखाली लाकडी फळी घालून जॅक लावल्याशिवाय जोडाच्या एकाही बोल्टला पाना लावू नये. चेन इंजिनच्या उचलण्यासाठी दिलेल्या कड्यांनाच बांधावी, इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) कदापि नाही, आणि ती ताणून इंजिनाचे वजन तिच्यावर आल्यावरच माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे आधार, सोडवावेत.

इतके करूनही सांधा सुटत नाही, तेव्हा बहुतेकांचा हात पहारीकडे जातो. तो आवरावा. ॲल्युमिनियमच्या कडेला एकदा खाच पडली की जोड पुन्हा नीट बसत नाही. सांधा अडला असेल तर बहुधा खालच्या बाजूचा एखादा बोल्ट राहिलेला असतो, म्हणून टॉर्च मारून प्रत्येक भोक तपासावे आणि स्टार्टर सुटला आहे ना, तेही पाहावे. सांधा किंचित उघडला की त्याच्या फटीकडे नजर ठेवावी: ती वर जास्त आणि खाली कमी दिसत असेल, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये तिरका अडकला आहे असे समजावे. अशा वेळी ओढाओढ न करता जॅक आणि चेन जराजरा वरखाली करून फट चहूबाजूंनी सारखी करावी, मग इंजिन हातांनी हलकेच डोलवत शाफ्टच्या सरळ रेषेत सरकवावे. शाफ्ट पूर्ण बाहेर येण्यापूर्वी इंजिन उचलले किंवा गिअरबॉक्स लोंबकळला, तर सगळा भार क्लच प्लेटवर येऊन ती वाकते आणि वाचवलेले पैसे तिच्यातच जातात.

शाफ्ट मोकळा झाल्यावर दोन्ही मडगार्डांवर आडवा दांडा टाकून गिअरबॉक्स त्याला बांधावा आणि जॅक काढावा. मग इंजिन उचलावे. त्याखाली कोणीही हात घालू नये. इंजिन पुढे नेण्याऐवजी गाडीच मागे ढकलावी, आणि ऑइलच्या चेंबरवर वजन येऊ नये म्हणून इंजिन जुन्या टायरवर टेकवावे.