तिसऱ्या झोनचा सर्व्हर गप्प का होता?

एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) आमच्या पाच व्हीपीसी, म्हणजे वेगवेगळी खासगी नेटवर्क, आणि चाकणच्या कारखान्यातली सर्व्हर रूम. आधी सगळं पीअरिंगवर, म्हणजे दोन व्हीपीसींमधल्या थेट जोडणीवर चालायचं. पाच व्हीपीसी एकमेकींना जोडायच्या तर दहा पीअरिंग लागतात, वर पीअरिंगमधून पलीकडचा व्हीपीएन (कारखान्याशी जोडणारा सुरक्षित दुवा) वापरता येत नाही. म्हणून एडब्ल्यूएसचा ट्रान्झिट गेटवे (सगळ्या नेटवर्कांना जोडणारा राउटर) मध्ये घातला: सगळ्या व्हीपीसी त्याला, कारखान्याचा व्हीपीएनही त्यालाच.

दोन आठवडे छान गेले. मग ऑटो-स्केलिंगने (गरजेप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवणाऱ्या सोयीने) उठवलेला एक नवा सर्व्हर कारखान्यातल्या डेटाबेसला पोहोचेना. शेजारचे दोन मात्र मजेत बोलत होते!

मी आधी फायरवॉलवरच संशय घेतला (सवयच ती). तिथे टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला, तर पॅकेट आलेलंच नाही. व्हीपीसीच्या फ्लो लॉगमध्ये (वाहतुकीच्या नोंदीत) मात्र 'ॲक्सेप्ट'. व्हीपीसीचं रूट टेबल (कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं याची यादी) पाहिलं, 10.20.0.0/16 (कारखान्याचे पत्ते) बरोबर गेटवेकडे. गेटवेच्या रूट टेबलमध्येही व्हीपीएनचा रूट होता. डोकं खाजवत बसलो.

शेवटी सर्व्हरचा झोन पाहिला. मुंबई रीजनमध्ये तीन अव्हेलेबिलिटी झोन (एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटर) आहेत, आणि अटॅचमेंट (व्हीपीसीची गेटवेशी जोडणी) करताना मी सबनेट (व्हीपीसीचे एकेका झोनमधले तुकडे) दोनच झोनमधले निवडले होते. ज्या झोनमध्ये अटॅचमेंटचं सबनेट नाही, तिथल्या सर्व्हरला गेटवे गाठताच येत नाही. रूट कितीही बरोबर असो.

तिसऱ्या झोनमध्ये /28 चं छोटं सबनेट केलं, अटॅचमेंटमध्ये जोडलं. थोड्या वेळात पिंगला उत्तर आलं. चहा तोवर गार झाला होता.