कोकणच्या दमट हवेत टिकणारा रोजचा गॉथ मेकअप

गॉथ मेकअप म्हटले की पांढराफटक चेहरा, काळेकुट्ट ओठ आणि कानशिलापर्यंत ओढलेले लायनर डोळ्यांसमोर येते, आणि सकाळची एस.टी. गाठून कॉलेजला किंवा नोकरीवर जाणारी मुलगी हे आपल्याला जमणार नाही असे समजून तो विचार सोडून देते. प्रत्यक्षात ही शैली रोज वापरता येते आणि तिच्यासाठी लागणारी पहिली वस्तू, म्हणजे काजळ, बहुतेकांच्या घरी आधीपासूनच असते.

ही शैली इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस पंक संगीताच्या पाठोपाठ आली. लंडनच्या सोहो भागात १९८२ मध्ये ‘बॅटकेव्ह’ हा क्लब सुरू झाला आणि तिथे जमणाऱ्या तरुणांमुळे ती चांगलीच रुजली. गायिका सूझी सू हिच्या रुंद, टोकदार काळ्या डोळ्यांचा या शैलीवर मोठा प्रभाव होता. हे सांगण्याचे कारण एवढेच, की तो मेकअप अंधुक दिव्यांखाली आणि लांबून दिसण्यासाठी केलेला होता. गुहागर किंवा मालवणच्या लख्ख उन्हात तोच चेहरा दुपटीने गडद दिसतो. त्यामुळे दिवसा त्याचा थोडासाच अंश घ्यावा, आणि डोळे व ओठ यांपैकी एकच भाग गडद करावा. नवशिक्याने पहिला महिनाभर फक्त डोळ्यांवर हात बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चेहरा पांढरा करण्याच्या फंदात मात्र मुळीच पडू नये. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर फिकट फाउंडेशन राख फासल्यासारखे दिसते, आणि आपल्याकडच्या घामाने तासाभरात त्यात ओघळ पडतात. गडद जांभळा, मरून आणि काळा हे रंग सावळ्या चेहऱ्यावर जितके खुलतात, तितके फार थोड्या वर्णांवर खुलत असतील; तेव्हा त्वचा आहे तशीच ठेवावी. चेहरा धुऊन हलके, तेलकट नसलेले मॉइश्चरायझर लावावे, त्यावर दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन पसरावे आणि ते मुरायला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. डोळ्यांखाली गरज वाटल्यास आपल्याच रंगाचे कन्सीलर, म्हणजे काळी वर्तुळे झाकणारे क्रीम, टिंबाएवढे लावून बोटाने थोपटावे. त्यानंतर पापण्यांवर आणि डोळ्यांखाली कॉम्पॅक्टचा पातळ थर द्यावा. हा थर वगळू नये, कारण काजळ उतरते ते मुख्यतः त्वचेवरच्या तेलामुळे आणि ओलाव्यामुळे.

माझ्या आजीकडे काजळ घरीच पाडले जाई. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी धरायची, तिच्या आत धरलेली काजळी खरवडायची आणि लोण्यासारख्या साजूक तुपात बोटाने मळायची. गॉथ डोळ्यांसाठी तेच काजळ मी पहिल्यांदा वापरले, आणि दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत, खाडीवरचा वारा लागताच, ते दोन्ही गालांवर उतरले. तूप अंगाच्या उष्णतेने पातळ होते आणि काजळीला सोबत घेऊन वाहते, हे मला त्या दिवशी कळले. घरगुती काजळ डोळ्यांसाठी सुरक्षित नसल्याचेही डॉक्टर सांगतात, म्हणून आठवण जपावी, पण डोळ्यांना वॉटरप्रूफ पेन्सिल लावावी. अशा पेन्सिलीत मेण आणि लवकर उडून जाणारे द्रव असतात. ते उडाले की रंग जागेवर घट्ट बसतो. त्याला साधारण अर्धा मिनिट लागतो, आणि काजळ पसरवायचे असेल तर तेवढाच वेळ आपल्या हातात असतो.

म्हणूनच दोन्ही डोळ्यांना एकदम काजळ लावू नये. एका डोळ्याच्या वरच्या पापणीवर, केसांच्या अगदी मुळाशी, आखूड आखूड रेघा जोडत न्याव्यात. एका दमात लांब रेघ ओढायला गेल्यास हात हलतोच. खालच्या पापणीवर बाहेरच्या टोकापासून फक्त दोन तृतीयांश भागापर्यंत यावे, नाकाजवळचा भाग मोकळा ठेवावा, नाहीतर डोळे थकलेले आणि लहान दिसतात. रेघ ओली असतानाच इअरबडने किंवा छोट्या चपट्या ब्रशने ती बाहेरच्या दिशेने हलकेच घासावी, म्हणजे तिची कड धुरकट होते. गॉथ दिसण्याचे निम्मे काम ही धुरकट कडच करते, आणि नवशिक्याचा हात थरथरला तरी ती सांभाळून घेते. मग त्याच रेघेवर काळी किंवा गडद तपकिरी मॅट, म्हणजे चमक नसलेली, आयशॅडो दाबून बसवावी. ब्रश फिरवू नये, टेकवत जावे. या कोरड्या थरामुळेच काजळ दुपारपर्यंत टिकते. सुरुवातीला तपकिरी घ्यावी, कारण तिची चूक पुसता येते आणि काळ्या आयशॅडोची चूक गालभर पसरते. पापणीच्या आतल्या ओलसर कडेला पावसाळ्यात काजळ न लावलेलेच बरे, तिथून ते सर्वात आधी खाली उतरते. शेवटी वॉटरप्रूफ मस्कारा फक्त वरच्या पापणीला, एकच हात. सरावानंतर हे सगळे सात-आठ मिनिटांत होते.

ओठांचा दिवस असेल तेव्हा डोळ्यांना नुसता मस्कारा पुरे. निव्वळ काळी लिपस्टिक रोजच्यासाठी अवघड जाते, कारण ती दातांना लागते आणि फाटलेल्या ओठांची प्रत्येक भेग दाखवते. त्याऐवजी वाळलेल्या आमसुलाचा रंग शोधावा: वरवर काळा, पण उजेडात धरला की आत लालसर जांभळा. दुकानात रंग निवडताना मी खरोखरच हाच रंग मनात धरते. ओठांना आधी लिप बाम लावून पाच मिनिटांनी तो टिश्यूने टिपावा, त्याच रंगाच्या पेन्सिलीने कड आखून ओठ आतून भरावेत आणि मॅट लिपस्टिक मध्यभागी लावून बोटाने कडेकडे थोपटत न्यावी. टिश्यू ओठांत दाबून जादा रंग काढावा आणि दुसरा पातळ थर द्यावा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर कितीतरी जास्त टिकतात. हेल्मेट घालून जाणाऱ्यांनी लिपस्टिक पोहोचल्यावरच लावावी.

ज्यांच्या घरी किंवा कार्यालयात एवढेही चालत नाही, त्यांनी काळ्या नेलपेंटपासून आरंभ करावा, किंवा बारीक काळी टिकली लावावी आणि नाकात चांदीची चमकी घालावी. कपाळावरच्या त्या काळ्या ठिपक्याला कोणी नावे ठेवत नाही, आणि धुरकट डोळ्यांबरोबर तो अतिशय शोभून दिसतो.

काजळाऐवजी सुरमा मात्र डोळ्यांना लावू नये. पारंपरिक सुरमा अनेकदा गॅलिना या शिशाच्या खनिजापासून करतात, आणि शिसे शरीरात साठत जाते. नवीन पेन्सिल किंवा लिपस्टिक आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे. काजळ मैत्रिणीला वापरायला देऊ नये, मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा, आणि डोळे आलेले असताना डोळ्यांचा मेकअप पूर्ण बंद ठेवावा. आपल्याकडे पावसात डोळ्यांची साथ येतेच.

वॉटरप्रूफ काजळ नुसत्या पाण्याने निघत नाही. कापसावर मेकअप रिमूव्हर किंवा खोबरेल तेलाचे चार थेंब घेऊन तो मिटलेल्या डोळ्यावर वीस सेकंद नुसता ठेवावा, मग न घासता खाली ओढावा आणि चेहरा फेसवॉशने धुवावा. मुरुमे येणाऱ्यांनी खोबरेल टाळावे, ते रंध्रे बुजवते. सकाळी उठल्यावर पापण्यांच्या मुळाशी काळी रेघ उरलेली दिसली, तर ओल्या इअरबडने ती पूर्ण काढावी आणि मगच पेन्सिल हातात घ्यावी.