पंचगंगेकाठची संथ सायकलफेरी: घाट, चिखली आणि बावड्याचा बंधारा

कोल्हापुरातली ही फेरी वीस-पंचवीस किलोमीटरची आहे. रोज सायकल चालवणारा ती दीड तासात संपवेल, पण मग नदी बघायची राहून जाईल. इथे सगळा हिशेब पाच तासांचा धरला आहे: अडीच तास पॅडल, अडीच तास थांबणं. त्यामुळे आधी थांबे ठरवा, अंतर आपोआप ठरतं. वेग ताशी दहा-बाराच्या पुढे जाऊ देऊ नका. शेजारच्याशी बोलताना धाप लागत असेल, तर वेग जास्त झाला.

मार्ग सोपा आहे. पंचगंगा घाटावरून शिवाजी पूल, पुलापलीकडे डावीकडे आंबेवाडीवरून प्रयाग चिखलीचा संगम. तिथून मागे फिरून रत्नागिरी रस्ता ओलांडायचा, वडणगे गाठायचं आणि राजाराम बंधाऱ्यावरून कसबा बावड्यात उतरून शहरात यायचं. पश्चिमेकडे आधी आणि पूर्वेकडे नंतर, हा क्रम उलटा करू नका. फेब्रुवारीनंतर दुपारकडे पश्चिमेचा वारा सुटतो. परतीला तो पाठीवर असेल तर निम्मे श्रम वाचतात.

शक्यतो शनिवार निवडा. रविवार हा जोतिबाचा वार. शिवाय पन्हाळ्याला जाणाऱ्या गाड्याही त्याच रस्त्यावर असतात, त्यामुळे शिवाजी पूल ते वडणगे फाटा हा तुकडा रविवारी सकाळी नऊनंतर सायकलच्या कामाचा राहत नाही. चैत्र यात्रेच्या दिवसांत या बाजूला फिरकूच नका.

आधी पाण्याचा अंदाज

या फेरीतली खरी अट म्हणजे नदीची पातळी. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी फूट-इंचांत मोजतात आणि पावसाळ्यात ती रोज जाहीर होते. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. पण सायकलवाल्याने ३९ची वाट बघायची नाही, कारण बंधारा त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. तसं होणं हा बंधाऱ्याचा दोष नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा मुळात बुटकाच बांधतात. दगडी खांब, खांबांना खाचा, त्या खाचांत बरग्यांच्या (काढता-घालता येणाऱ्या फळ्यांच्या) दोन रांगा आणि मधल्या पोकळीत चिकणमाती ठासलेली. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी काढून नदी मोकळी करतात. पूर आला की तो वरून बिनधास्त वाहून जावा, हाच हेतू. या बुटकेपणामुळेच त्यावरून चालताना पाणी इतकं जवळून दिसतं.

जून ते सप्टेंबर ही फेरी करू नका. रेडेडोह (पुराचं पाणी पात्राबाहेर पडण्याची जागा) फुटला की पुराचं पाणी शेतांतून थेट रत्नागिरी रस्त्यावर येतं. २०१९ आणि २०२१ साली चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीतून बाहेर काढावी लागली होती. ऑक्टोबरमध्ये पाणी उतरलेलं असतं, पण काठाची काळी माती ओली असते. ती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. मार्च-एप्रिलमध्ये जायचं तर सकाळी सहाला निघून दहाच्या आत घरी.

सायकलची तयारी, आदल्या रात्री

नवी सायकल लागत नाही. बावीस-चोवीस इंची साधी देशी सायकलही या रस्त्याला पुरते. सीटची उंची मात्र नीट लावा: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल अगदी खाली नेलं, की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा चवडा पॅडलवर असला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. बहुतेकांची सीट दोन-तीन इंच खाली असते. पंधराव्या किलोमीटरला गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं ते यामुळेच.

हवेचा दाब हा दुसरा चुकणारा भाग. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, तिथपर्यंत हवा भरायची नाही. साधारण सत्तर किलोच्या माणसाला ३५ ते ४० मिमी रुंदीच्या टायरमध्ये ५० ते ५५ पीएसआय, दोन इंची जाड टायरमध्ये ३० ते ३५ पुरे. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा चार-पाच जास्त. फार कडक भरली तर गावातल्या खडीवर हात आणि पाठ बधिर होतात. फार कमी भरली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

ट्यूबचा वाल (व्हॉल्व्ह) कोणता आहे ते घरीच बघा. देशी ट्यूबचा वाल कोणताही सायकलवाला भरून देतो. मोटारसायकलसारखा जाड वाल असेल तर पेट्रोल पंपावरची नळीही चालते. पण बारीक, टोकाला छोटा नट असलेला प्रेस्टा वाल असेल, तर गावातल्या पंक्चरवाल्याची नळी त्याला बसत नाही. बोटाच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, तो पिशवीत कायम ठेवा.

पिशवीत एवढंच: एक जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, काचपेपर, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, चाकाच्या नटाला बसणारा पाना, जुनं सुती फडकं. हिवाळ्यात माणशी दीड लिटर पाणी, मार्चनंतर अडीच. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. थंडीत नदीच्या पट्ट्यात धुकं आठ-साडेआठपर्यंत बसतं आणि धुक्यात ट्रकवाल्याला सायकल दिसत नाही.

घाटापासून सुरुवात

सूर्योदयाला घाटावर पोचा, जानेवारीत म्हणजे सातच्या सुमारास. धुकं दाट असेल तर निघायची घाई नको, घाटाशेजारची ब्रह्मपुरी टेकडी बघून घ्या. इथे १९४५-४६ साली उत्खनन झालं. याच टेकडीवर सापडलेल्या वस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आहे, ती आता टाउन हॉल संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा व्यापार समुद्रापलीकडे पोचला होता, हे ती मूर्ती हातात धरून सांगावं इतक्या स्पष्टपणे सांगते. जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी कमानीही घाटावरूनच नीट दिसतात. पूल ओलांडताना थांबून बघायला जागा नाही, म्हणून फोटो इथेच काढा. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर दीपोत्सव असतो. त्या दिवशी सायकल घरी ठेवून चालत या.

निघण्याआधी पोटात हलकं काहीतरी हवं: दोन केळी, किंवा चिक्की आणि चहा. मिसळ खाऊन सायकलवर बसू नका. कटाने तहान लागते आणि तेल पोटात हिंदकळत राहतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूधही सवय नसेल तर आत्ता नको. दोन्ही परतल्यावर.

पुलावरून एकामागे एक, डाव्या कडेने चला. सगळ्यात सावकाश चालवणारा पुढे ठेवा, वाट माहीत असलेला सगळ्यात मागे. उलटं केलं की गट दहा मिनिटांत तुटतो आणि मागचा माणूस एकटा हायवेवर दमत राहतो.

उसाच्या ट्रॉल्या

गळीत हंगाम आणि सायकलीचा हंगाम एकच आहे, त्यामुळे याला पर्याय नाही. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो आणि मागची ट्रॉली सरळ रस्त्यावरही डुलते. वळणावर ती पुढच्या ट्रॉलीच्या आतून कापत जाते. म्हणून ट्रॅक्टरच्या डावीकडून वळणावर घुसणं म्हणजे जिवाशी खेळ. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की वेग कमी करा, थांबा, उतरा आणि सायकल साइडपट्टीवर घ्या. चालत्या सायकलीने डांबरावरून साइडपट्टीवर उतरू नका. कड तीन-चार इंच खाली असते, पुढचं चाक तिरकं घसरतं आणि माणूस रस्त्याच्या बाजूलाच पडतो. रस्त्यावर सांडलेला उसाचा पालाही निसरडा असतो, त्यावर ब्रेक दाबायचा नाही.

संगम

चिखलीला पोचल्यावर तासभर तरी थांबा. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या चार नद्यांचं पाणी घेऊन, पाचवी सरस्वती गुप्त मानून, पंचगंगा इथून त्या नावाने वाहू लागते. पुढे नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. काठावर बसून राहिलात तर खंड्या, वेडा राघू, पाणकावळे आणि चिखलात चोच खुपसणारे शराटी दिसतात. दुर्बीण नसली तरी चालेल, पण हालचाल नको. सायकली काठापासून लांब लावा. काठावर बाभळीचे काटे पडलेले असतात आणि ते ताज्या टायरमधूनही आरपार जातात. संक्रांतीनंतर महिनाभर स्नानाला गर्दी असते, तेव्हा सायकल गावातच ठेवून चालत खाली जा.

पाण्यात उतरू नका. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली डोह आणि गाळ आहे. बाटल्याही नदीत भरायच्या नाहीत.

पंक्चर बहुधा इथून निघाल्यावर पाच मिनिटांत कळतं. टायर काढताना वालाची जागा टायरवरच्या नावाशी जुळवून लक्षात ठेवा. ट्यूबला भोक सापडलं की काटा टायरमध्ये नेमका कुठे आहे ते त्यावरून कळतं. टायरच्या आतून बोट फिरवू नका, फडकं फिरवा, काट्यावर ते अडकतं. तो काटा काढायचा राहिला तर अर्ध्या किलोमीटरवर तेच पंक्चर पुन्हा. ट्यूब काचपेपरने पॅचपेक्षा थोडी मोठी खरवडा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच दाबायचा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच हवा भरताच कडेने सुटतो. निम्मी पंक्चरं याच घाईने वाया जातात.

वडणगे आणि गुऱ्हाळ

वडणग्याच्या तलावावर पाणी प्यायला थांबा. या पट्ट्यात हंगामात गुऱ्हाळं चालू असतात, वास रस्त्यावरूनच येतो. आत जाताना आधी विचारा, कोणी नाही म्हणत नाही. काईल (रस उकळायची मोठी कढई) उकळत असताना चुलवाणाच्या बाजूला आणि काईलीच्या काठाला लहान मुलांना अजिबात जाऊ देऊ नका, उकळता रस पाण्यापेक्षा वाईट भाजतो. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) काम करत असताना प्रश्न विचारू नका. काईल उतरवण्याची वेळ त्याला रसाच्या रंगावरून आणि फेसावरून ओळखायची असते, मिनिटभर चुकलं तर गुळाचा रंग जातो. वाफ्यात गूळ ओतला की मग मोकळेपणाने बोला. ताजा गूळ आणि काकवी विकत घ्यायची असेल तर काकवीला घट्ट झाकणाची बाटली घरूनच आणा.

बंधारा

इथून बावड्याचा, म्हणजे राजाराम, बंधारा कोणालाही विचारला तरी सांगतील. वर पोचलात की सायकलवरून उतरा आणि चालत पलीकडे जा. वाट अरुंद आहे, समोरून दुचाकी आणि वैरणीचे भारे येतात. मुलं असतील तर मोठ्यांच्या मध्ये ठेवा आणि त्यांच्या सायकली मोठ्यांनी धरा. वरच्या अंगाला पाणी खोल आणि निश्चल, खालच्या अंगाला खडक आणि फेस, दोन्हीकडे बघण्यासारखं आहे, पण एका जागी उभं राहून.

वाटेवर घोटाभर जरी पाणी वाहत असेल तरी मागे फिरा. कड दिसत नाही, खाली शेवाळ असतं आणि एवढं पाणीही चाक आडवं ढकलायला पुरतं. दुचाकीवाले जाताना दिसतील, त्यांच्यामागे जाऊ नका. आल्या वाटेने शिवाजी पुलावरून परतायला तासभर लागतो. अडचण आलीच तर मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

दहा-बारा वर्षांची मुलं बरोबर असतील तर बंधारा आणि वडणगे सोडून द्या, घाट ते संगम आणि परत एवढीच फेरी ठेवा. वीस इंची चाकाच्या सायकलवर मूल मोठ्यांच्या दीडपट पॅडल मारतं, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही.

बावड्यातून न्यू पॅलेसवरून शहरात येता येतं. कारखान्याच्या हंगामात या रस्त्यावर उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असतात. दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून माणूस अचानक बाहेर येतो, तिथे हात ब्रेकवर ठेवा.

घरी आल्यावर सायकल लगेच पाण्याने झोडपू नका, जोराचं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं. चिखल वाळू द्या, ब्रशने झाडा, चेन फडक्यातून दहा-बारा वेळा उलटी फिरवून पुसा आणि प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडा. पंधरा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून टाका, नाहीतर पुढच्या शनिवारची सगळी धूळ त्यावरच बसते.