एसआरएचं घर मिळालं, आता ते चालवायचं कसं: पैसे, आग, चोरी आणि कागद

एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमधल्या घराची चावी मिळाली की पहिले महिने टाइल्स, पडदे आणि फ्रिजचा हप्ता यातच जातात आणि मग मेंटेनन्सचं बिल हातात पडतं तेव्हा घराघरात वाद सुरू होतात, कारण वस्तीत लाइट बिल आणि पाण्याचे पैसे सोडले तर असा खर्च नव्हताच. घर फुकट मिळालंय, पण लिफ्टची लाइट, पाण्याचा पंप, वॉचमन, सफाई, टाकी धुणं यातलं काहीच फुकट नाही आणि हे आधी कोणी बसवून सांगत नाही. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत काम करते, त्यातून जे समजलं ते लिहितेय. मुंबईतल्या सगळ्या पुनर्वसन बिल्डिंगांना थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी पैशाचं. मेंटेनन्स महिनाअखेरीला उरलेल्या पैशातून द्यायचं ठरवलं तर ते कधीच उरत नाहीत, हे खरंय. पगार झाला की त्याच दिवशी भरून टाका. नाक्यावरचं काम, घरकाम, हातगाडी लावणं असं रोजचं उत्पन्न असेल तर आठवड्याला थोडे थोडे वेगळ्या खात्यात टाका, जनधनचं पडून असलेलं खातं याला चांगलं. थकवलं तर सोसायटी सरळ व्याज लावू शकते आणि सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला आणू शकते, तिथपर्यंत गोष्ट जाऊ देऊ नका. नोकरी गेली, आजारपण आलं तर गप्प राहण्यापेक्षा कमिटीला अर्ज लिहून हप्ते मागा, निदान आमच्याकडे तरी अशा माणसाला कोणी नाही म्हणत नाही. आणि पैसे दिले की छापील पावती घ्या, वहीत सही केली एवढ्यावर सोडू नका.

दोन गोष्टी कमिटीला विचाराच. एक, कॉर्पस फंड कुठाय? बिल्डरने प्रत्येक घरामागे देखभालीसाठी रक्कम भरायची असते, जुन्या स्कीमना २० हजार होती, नंतर ४० हजार झाली. त्याचं व्याज मेंटेनन्सला मिळायला पायजे. दुसरं, प्रॉपर्टी टॅक्सच्या नावाने कोणी पैसे गोळा करत असेल तर महापालिकेचं बिल बघायला मागा, कारण मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे आणि आपली घरं २२५, २६९ नाहीतर ३०० फुटांची.

उधारीबद्दल जरा कळकळीने सांगते. महिना दहा टक्क्यांनी २० हजार घेतले तर महिन्याला २ हजार नुसतं व्याज, वर्षात २४ हजार भरून झाले आणि मुद्दल आहे तिथेच. सावकाराला २०१४ च्या कायद्याप्रमाणे लायसन्स लागतं, ते विचारलं की निम्मे लोक पुढचं बोलतच नाहीत. त्यापेक्षा बचत गट बघा, नाहीतर बँकेत सोनं ठेवा. मोबाइलवरचं लोन अ‍ॅप तर अजिबात नको, तुमचे सगळे कॉन्टॅक्ट उचलतात आणि नातेवाइकांना फोन करून शिव्या देतात. ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात सरकतात. आणि वर्षाला २० रुपयांत बँकेतून २ लाखांचा अपघात विमा मिळतो, घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचा काढून ठेवा.

आता आग. हे लिहिताना मला गोरेगावची जय भवानी बिल्डिंग आठवते, ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे पार्किंगमध्ये आग लागली, तिथे कापडाचे गठ्ठे आणि गाड्या होत्या, आणि धूर वर चढून झोपेतल्या माणसांचे जीव गेले. एसआरएचीच बिल्डिंग, आपल्यासारखीच. म्हणून जिन्यात आणि पॅसेजमध्ये सामान ठेवू नका ही गोष्ट कोणी कटकट समजू नये. घरं लहान आहेत, सायकल, जुनं कपाट, पिंप कुठे ठेवायचं हा प्रश्न खरा आहे, तरी जिना हा पळायचा एकच रस्ता असतो. मीटर रूममध्ये झाडू-रद्दीसुद्धा नको. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी रात्रभर दारापाशी चार्जिंगला लावू नका, पेटली तर दारातूनच बाहेर पडता येणार नाही.

ग्रिलचं पण बघा. चोराच्या भीतीने सगळे खिडकीला पूर्ण बंद पिंजरा लावतात आणि मग आग लागली की आतली माणसं अडकतात. वेल्डरला सांगून एक उघडणारं झापड ठेवा, त्याला आतून कुलूप, चावी जवळच खिळ्याला पण बाहेरून हात पोचणार नाही अशी, आणि मुलांना दाखवून ठेवा. जिन्यात धूर दिसला तर त्यात घुसू नका, लिफ्ट तर नाहीच, दार लावा, फटीत ओला टॉवेल कोंबा, खिडकीपाशी जा आणि १०१ ला फोन करा. गच्चीची चावी फक्त सेक्रेटरीकडे असून उपयोग नाही, वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत पण हवी. गॅसचा वास आला तर बटण दाबू नका, चालू पण नाही आणि बंद पण नाही, रेग्युलेटर काढा, खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ ला कळवा. गॅसची नळी आयएसआय मार्कचीच आणि पाच वर्षांत बदलायची. कमिटीने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीच्या यंत्रणेचं फॉर्म बी सर्टिफिकेट घ्यायचं असतं, ते नोटीस बोर्डावर लावायला सांगा.

चोरीचं थोडक्यात. वस्तीत दार उघडं असलं तरी समोर दहा माणसं असायची, इथे पॅसेज रिकामा असतो आणि बिल्डरच्या दाराला एक साधी कडी. पहिला बोनस आला की जाळीचा सेफ्टी दरवाजा आणि चांगलं लॅच बसवा, नवीन टीव्हीच्या आधी. गॅसवाला, मीटरवाला, केवायसीवाला म्हणून कोणी आलं तर जाळीतूनच ओळखपत्र बघा, म्हाताऱ्या माणसांना हे परत परत सांगा. गावाला जाताना शेजारी सांगून जा, स्टेटसला फोटो परत आल्यावर टाका.

शेवटी कागद. अ‍ॅलॉटमेंट लेटर, चावीची पावती, शेअर सर्टिफिकेट, जुना परिशिष्टातला (पात्र झोपडीधारकांच्या यादीतला) नंबर, सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, ओरिजिनल कोणाकडेही गहाण ठेवायचं नाही. ठरलेली मुदत संपायच्या आधी घर विकता येत नाही आणि एजंट म्हणेल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर करून टाकू, पण नुसत्या पॉवरवर मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ लाच सांगितलंय, यात विकणारा पण अडकतो आणि घेणारा तर पैसे घालवूनच बसतो. भाड्याने द्यायचं तरी आधी एसआरएचे नियम विचारा.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला लागते, तिला दोघांपैकी एकाने तरी जा आणि ऑडिट रिपोर्ट मागा. कमिटी हिशोब दाखवत नसेल तर आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तरी नाही दिला तर वांद्र्याच्या एसआरए ऑफिसात निबंधकाकडे तोच अर्ज पोचेच्या झेरॉक्ससकट द्या, एकट्याने जाण्यापेक्षा मजल्यावरच्या चार जणांच्या सह्या घेऊन जा.