भाल्यांची झुंज: आडोसा, टोक आणि मान

मध्ययुगीन युरोपातल्या सरदारांसारखी घोड्यावरची झुंज लावायची तर आधी मैदानाच्या मधोमध लांब आडोसा उभारा. 15व्या शतकात तो रूढ झाला, कारण त्याआधी घोडे एकमेकांवर आदळायचे. सुरुवातीला नुसतं कापड टांगत, नंतर फळ्या आल्या. दोन्ही स्वार आडोसा डाव्या हाताला ठेवूनच दौडतात. भाला उजव्या काखेत, छातीच्या पत्र्यावरच्या आकड्याला टेकवलेला, टोक घोड्याच्या मानेवरून डावीकडे. असा तिरका बसला की तो मोडतो, आणि गुण मुख्यतः मोडलेल्या भाल्याला मिळतात.

मैत्रीच्या झुंजीत अणीदार पातं नको. मुकुटासारखं, तीन-चार बोथट दातांचं टोक बसवा. ते पकड घेतं, पण आत घुसत नाही.

बेडूकतोंडी शिरस्त्राणातून, म्हणजे डोळ्यांपाशी नुसती आडवी फट असलेल्या लोखंडी टोपातून, पुढे वाकल्याशिवाय दिसतच नाही. धडकेच्या क्षणी मान ताठ करा, म्हणजे खालची पत्र्याची कड डोळे झाकते. सगळ्यात जास्त सराव याचाच हवा. कारण जीव घेतात त्या ढलप्या: 1559 मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या शिरस्त्राणाच्या झडपेतून मोडक्या भाल्याची ढलपी शिरली आणि दहा दिवसांनी तो गेला.

भाला घोड्याला लागला तर? इंग्लंडच्या 1466 च्या नियमांनुसार बक्षीस गेलं.