इम्प्लांटचा खरखरीतपणा हाडापर्यंत जपून कसा न्यायचा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या शॉपमध्ये ब्लास्टिंग (कणांचा मारा) आणि ॲनोडायझिंग (विजेने धातूवर ऑक्साइडचा थर चढवणं) रोज चालतं. दाताच्या टायटॅनियम इम्प्लांटवरही, म्हणजे दात बसवण्यासाठी जबड्याच्या हाडात घालायच्या स्क्रूवरही, हीच कामं होतात, फक्त माप मायक्रॉनमध्ये. पण कारखान्यात एवढ्या मेहनतीने केलेला पृष्ठभाग क्लिनिकमध्ये दोन मिनिटांत वाया जाऊ शकतो.

इम्प्लांट निवडताना कंपनीच्या कागदावर आधी सरासरी खरखरीतपणा, म्हणजे ‘एसए’चा आकडा बघा. १ ते २ मायक्रॉनच्या दरम्यान हाड सर्वांत चांगलं धरतं. स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले इम्प्लांट नुसते कातलेले, जवळपास गुळगुळीत होते. तसल्या इम्प्लांटवर दात चढवायला खालच्या जबड्यात तीन आणि वरच्यात सहा महिने थांबत. २ मायक्रॉनच्या वर गेलेला पृष्ठभाग हाड धरतो, पण पुढे हिरडी सरकून तो तोंडात उघडा पडला, की त्यावर बसलेला जंतूंचा थर निघता निघत नाही.

सध्या सर्वांत जास्त चालतो तो ‘एसएलए’ पृष्ठभाग. त्यात २५० ते ५०० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) कणांचा मारा करून मोठ्या खाचा पाडतात आणि मग गरम आम्लात बुडवून त्या खाचांत बारीक खड्डे उठवतात. इम्प्लांट बसला की रक्ताची गुठळी या खड्ड्यांत अडकते. गुठळी आकसते तेव्हा तिच्यातले फायब्रिन या प्रथिनाचे धागे तुटून सुटत नाहीत, त्या धाग्यांवरून पेशी थेट धातूपर्यंत पोचतात आणि नवं हाड धातूवरच तयार होऊ लागतं. गुळगुळीत धातूवरून धागे सुटतात, मग हाड फक्त ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या भिंतीकडून येतं. वेळ वाचतो तो इथे.

स्वस्त माल घेताना पृष्ठभागाचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालचा फोटो मागा. धुणं नीट झालं नसेल तर ॲल्युमिनाचे कण धातूत रुतलेले दिसतात.

हवेतला कार्बन टायटॅनियमवर बसत राहतो आणि पृष्ठभाग पाणी झटकू लागतो. म्हणून काही इम्प्लांट सलाईनमध्ये बंद येतात. कोणताही असो, ड्रिलिंग पूर्ण होऊन खोली मोजून झाल्याशिवाय कुपी उघडू नका. ग्लोव्हज, गॉज, ओठ, लाळ यातलं काही लागू देऊ नका. सक्शन धरणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा. पहिला स्पर्श रुग्णाच्या रक्ताचाच हवा. उघडून ट्रेमध्ये ठेवलेला इम्प्लांट हवेत वाळतो.

समोरचं हाड मेलेलं असेल तर चांगला पृष्ठभागही उपयोगाचा नाही. ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट गेलं तरी हाड दगावतं. ड्रिल ८०० ते १२०० आरपीएमवर, भरपूर गार सलाईनखाली, वर-खाली करत चालवा. बोथट झालेलं ड्रिल टाकून द्या. इम्प्लांट १५ ते २५ आरपीएमवर फिरवा. खालच्या जबड्याच्या पुढच्या कडक हाडात टॅप (आधी आटे पाडायचं हत्यार) वापरा. नाहीतर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ५० न्यूटन-सेंटिमीटरच्या वर जातो, भोकाच्या तोंडाशी असलेलं हाड चेपतं आणि इम्प्लांटच्या आट्यांच्या कडा खरवडल्या जातात.

दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान पकड थोडी सैल होते, कारण जुनं हाड झिजत असतं आणि नवं अजून कोवळं असतं. या काळात दाब टाळा. सुमारे १५० मायक्रॉनच्या वर हालचाल झाली, तर हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो. चांगल्या हाडात एसएलएला सहा ते आठ आठवडे द्या, सलाईनमधल्याला तीन-चार. वरच्या मागच्या मऊ हाडात किंवा ग्राफ्ट केलेल्या (हाडाची भर घातलेल्या) जागी हे हिशेब लावू नका, जास्त थांबा.

मधुमेह असेल तर एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आधी ७ टक्क्यांच्या आसपास आणा. बिडी-सिगारेटबरोबर मिशरीचंही स्पष्ट विचारा. ती थेट हिरडीवर घासली जाते आणि बरेच जण तिला तंबाखूत धरतच नाहीत.

कुपीवरचं लॉट नंबरचं स्टिकर केस पेपरवर लावा आणि एक रुग्णाला द्या. निफाड-कळवणहून आलेला रुग्ण पाच वर्षांनी दुसऱ्याच डॉक्टरकडे गेला, तर कोणता पृष्ठभाग आहे आणि कोणता स्क्रू बसेल हे त्यावरूनच कळेल.